रमाबाई रानडे आणि ससूनच्या परिचारिका

रमाबाई रानडे म्हटले की न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी आठवतात आणि टीव्हीसमोर बसणाऱ्या घरांना ‘उंच माझा झोका’ ही मालिका आठवते. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेली आणि नवऱ्याजवळ बसून अक्षरे गिरवणारी मुलगी, एवढे चित्र मनात पक्के बसले आहे. रमाबाईंच्या आयुष्याचा रुग्णालयाशी जोडलेला भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. पुण्यातल्या पांढरपेशा हिंदू घरांतील बायका परिचारिका होऊन ससूनच्या वॉर्डात उभ्या राहिल्या, त्यामागे रमाबाईंची पंधरा वर्षांची मेहनत होती. पिंपरी, भोसरी, चाकणच्या पट्ट्यात आज रुग्णालयांची गर्दी आहे आणि प्रत्येक रुग्णालय परिचारिकांच्या खांद्यावर चालते. अशा वेळी डॉक्टर आणि परिचारिका एकमेकांशी कसे बोलतात, हा रुग्णाच्या जीवाचा प्रश्न ठरतो. तो समजून घ्यायला रमाबाईंचे आयुष्य उपयोगी पडते.

देवराष्ट्रे ते पुणे

रमाबाईंचा जन्म १८६२ सालचा, आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावी, कुर्लेकरांच्या घरी. याच गावात पुढे १९१३ साली यशवंतराव चव्हाण जन्मले. पिंपरीतील महापालिकेचे मोठे रुग्णालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. कुर्लेकरांच्या घरी मुलींनी लिहावाचायला शिकणे निषिद्ध होते. १८७३ मध्ये रमाबाईंचे लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि माधवराव रानडे एकतीस वर्षांचे. माधवरावांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. सुधारक असल्यामुळे ते विधवेशी विवाह करतील अशी अपेक्षा होती, पण वडिलांच्या आग्रहापुढे त्यांना नमते घ्यावे लागले. त्यांनी लगेचच पत्नीला शिकवायला सुरुवात केली. आधी मराठी, मग इंग्रजी.

हे शिक्षण सुखाचे नव्हते. घरातील वडीलधाऱ्या बायकांना सुनेचे वाचन आवडत नव्हते. टोमणे, अबोला आणि कामात अडवणूक रोजचीच होती. नवरा विद्वान आणि मानाच्या जागेवर असला, तरी दिवसभर घरात वावरायचे ते या बायकांबरोबरच. उलट उत्तर न देता आपले काम सोडायचे नाही, ही सवय रमाबाईंनी इथे लावून घेतली. पुढे चाळीस वर्षांनी परिचारिकांचे काम उभे करताना हीच सवय कामी आली.

पुण्यात मुलींसाठी हायस्कूल काढायचे ठरले तेव्हा गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर इंग्रजीतून निवेदन वाचण्याचे काम रमाबाईंवर आले. त्यांनी ते भरसभेत वाचले. घरी परतल्यावर मात्र कौतुकाऐवजी बोलणी खावी लागली. १८८४ मध्ये ती शाळा सुरू झाली आणि आज आपण तिला हुजूरपागा म्हणून ओळखतो. अधिकाराच्या जागेवर बसलेल्या माणसासमोर, त्याला समजेल अशा भाषेत, नेमकी मागणी मांडायची असते, हे रमाबाई विशीतच शिकल्या.

१८९३ मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईला गेले. तिथे रमाबाईंनी हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब काढला. भाषा, सामान्यज्ञान, शिवणकाम आणि हस्तकलेचे वर्ग सुरू केले. याच वर्षांत माधवरावांची प्रकृती ढासळत गेली. त्यांना हृदयविकार जडला होता. तेव्हा हृदयाचा विद्युत आलेख काढण्याचे यंत्र दवाखान्यात आलेले नव्हते आणि छातीतल्या कळेवर नायट्राइट गटातल्या एकदोन औषधांपलीकडे फारसे काही हाती नव्हते. अशा आजारात डॉक्टर येऊन तपासून जात. श्वास कधी लागला, झोप किती झाली, कळ कशाने उठली, औषधाने किती वेळ आराम पडला हे कळे ते उशाशी बसणाऱ्या माणसालाच. हे काम रमाबाईंनी केले. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्या आत होत्या आणि त्यांना मूलबाळ नव्हते.

पुण्यात परतल्यावर वर्षभर त्या जवळजवळ एकांतात राहिल्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे विधवेचे आयुष्य इथेच संपायचे. १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या कामासाठी त्या पुन्हा बाहेर पडल्या आणि नंतर मागे वळल्या नाहीत.

नर्स म्हणजे कोण?

त्यांनी पुढे हाती घेतलेले काम किती अवघड होते हे समजण्यासाठी त्या काळच्या रुग्णालयात डोकवायला हवे. पुण्याचे ससून रुग्णालय १८६७ पासून चालू होते आणि १८७८ मध्ये त्याच्या शेजारी बै. जी. मेडिकल स्कूल निघाले. डॉक्टरकीला समाजात मान होता. शुश्रूषेला तो नव्हता. आजाऱ्याचे मलमूत्र काढणे, जखमा धुणे, परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणे, रात्री घराबाहेर राहणे यांतली प्रत्येक गोष्ट सोवळ्याच्या आणि अब्रूच्या कल्पनेवर घाव घालणारी होती. बाळंतपणे करणाऱ्या सुइणी बहुतेक कष्टकरी जातींतल्या होत्या. त्यांच्या हातांशिवाय गावाचे पान हलत नसे, पण त्यांना उंबऱ्याच्या आत मान मिळत नसे. रुग्णालयातल्या प्रशिक्षित परिचारिका बहुतांशी युरोपियन, अँग्लो-इंडियन किंवा ख्रिस्ती होत्या. लेडी डफरिन फंडाने १८८५ पासून स्त्रियांच्या उपचारासाठी स्त्री डॉक्टर आणि परिचारिका तयार करण्याचा प्रयत्न चालवला, पण पांढरपेशा हिंदू घरे त्यापासून दूरच राहिली.

याचा परिणाम वॉर्डात दिसे. डॉक्टर हा शिकलेला, वरच्या थरातला, बहुधा पुरुष, आणि कित्येकदा गोरा. देशी परिचारिका कमी शिकलेली, खालच्या थरातली मानलेली, आणि बाई. जात, लिंग, शिक्षण आणि राज्यसत्ता या चार पायऱ्या दोघांच्या मध्ये होत्या. इतक्या खालून आलेला शब्द वरपर्यंत पोचत नाही. रुग्णाबद्दल सर्वांत जास्त ठाऊक असलेली व्यक्तीच बोलू शकत नसेल, तर डॉक्टरचे ज्ञान कितीही असो, ते अर्ध्या माहितीवर चालते.

याला अपवाद होते. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले रोगी उचलून आणत आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत पुण्याजवळ उघडलेल्या दवाखान्यात उपचार करत. आई शुश्रूषा करणारी, मुलगा डॉक्टर, आणि दोघांचा एकमेकांवर विश्वास. त्या प्लेगाची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई गेल्या. पण हे एका घराचे धैर्य होते. रुग्णालयाची रीत बदलायला संस्था लागते.

इंग्लंडमध्येही ही लढाई झालेली होती. १८५४ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्या परिचारिकांना घेऊन स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात पोचल्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना त्या नकोच होत्या. डॉक्टर बोलावीपर्यंत वॉर्डात पाऊल टाकायचे नाही, असे नाइटिंगेलबाईंनी आपल्या बायकांना बजावले आणि त्या थांबल्या. जखमींचे लोंढे आले, तेव्हा बोलावणे आले. पुढे १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची प्रशिक्षणशाळा निघाली. चांगल्या चालीची, शिकलेली, शिस्तीची बाई हे काम करू शकते, हे आधी समाजाला पटवावे लागले आणि मगच डॉक्टरांना पटले. पुण्यात हे पटवण्याचे काम रमाबाईंच्या वाट्याला आले.

सेवासदन

१९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी स्त्रियांसाठी एक सेवागृह काढून भारतीय बायकांना परिचारिकेचे शिक्षण देण्याची कल्पना मांडली. मार्गदर्शनासाठी ते रमाबाईंकडे आले आणि मुंबईत सेवासदन सुरू झाले. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, पुण्यात सेवासदनाचे काम सुरू झाले. रमाबाई अध्यक्ष होत्या. नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे संघटनेची धुरा वाहणारे चिटणीस होते. पहिले वर्ग रानड्यांच्या वाड्यातच भरले. पुढे संस्थेची स्वतंत्र नोंदणी झाली.

सेवासदनात येणाऱ्यांत बालविधवा, टाकलेल्या बायका आणि घरात बोजा ठरलेल्या मुली बऱ्याच होत्या. त्यांना नुसते शिवण शिकवून पाठवणे सोपे होते. रमाबाईंनी मात्र परिचारिकेच्या कामाकडे दोन बाजूंनी पाहिले. बाईला स्वतःच्या पायावर उभे राहायला पगाराचे काम हवे होते, आणि आजारी बाईला आपली भाषा बोलणारी, आपला संकोच ओळखणारी शिकलेली बाई हवी होती. पुरुष डॉक्टरला दुखणे न सांगता घरीच मरणाऱ्या बायका त्या काळी थोड्या नव्हत्या.

अडचण होती ती घरच्या माणसांची. विधवा मुलगी रात्री रुग्णालयात राहणार, परक्यांना शिवणार, सगळ्या जातींच्या रुग्णांचे करणार हे ऐकूनच दारे बंद होत. इथे रमाबाईंनी स्वतःची पत तारण ठेवली. न्यायमूर्तींच्या पत्नीची संस्था म्हणजे मुलगी सुरक्षित राहील, एवढा भरवसा घरांना वाटू लागला. ससूनमध्ये शिकणाऱ्या परिचारिकांसाठी सेवासदनाने वसतिगृह चालवले. रात्रपाळी करून आलेल्या बाईला झोपायला सुरक्षित जागा, जेवायला ताट आणि विचारपूस करायला माणूस मिळाले. आजही रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांसाठी या तीनही गोष्टींची मागणी करावी लागते, हे लक्षात घेतले तर त्या वसतिगृहाची किंमत कळते.

दुसरी गोष्ट शिक्षणाची. परिचारिका होण्याआधी लिहितावाचता येणे, हिशेब करता येणे गरजेचे होते. तापमानाचा तक्ता भरणे, औषधाची मात्रा मोजणे, नाडीचे ठोके नोंदवणे ही कामे अक्षरओळखीशिवाय होत नाहीत. सेवासदनाने प्रौढ बायकांसाठी वर्ग चालवले आणि त्यांतून पुढे ज्यांची तयारी झाली त्या शुश्रूषेकडे, सुईणपणाच्या शिक्षणाकडे, अध्यापनाकडे गेल्या. तोंडी सांगितलेली गोष्ट विसरली जाते, नाकारताही येते. तक्त्यावर लिहिलेला आकडा डॉक्टरला वाचावाच लागतो. परिचारिकेला लेखणी मिळाली तेव्हा तिच्या निरीक्षणाला वजन आले.

तिसरी गोष्ट सहज नजरेतून सुटते. सेवासदनाने परिचारिकांबरोबरच सब-असिस्टंट सर्जनच्या परीक्षेसाठी शिकणाऱ्या, म्हणजे डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलींसाठीही वसतिगृह चालवले. एकाच संस्थेच्या छायेत एक मुलगी परिचारिका होत होती आणि दुसरी डॉक्टर. दोघी एकाच प्रकारच्या घरांतून, एकाच प्रकारच्या अडचणींतून आलेल्या. कोण कोणाच्या हाताखाली काम करणार हे पुढे ठरे, पण एक वरच्या मातीची आणि दुसरी खालच्या मातीची असा भेद त्या घरात रुजणे कठीण होते. वैद्यकीय आणि परिचर्या महाविद्यालये आज एकाच आवारात असूनही विद्यार्थी पाच वर्षांत एकमेकांशी बोलत नाहीत. शंभर वर्षांपूर्वीची ही रचना म्हणूनच विचार करण्याजोगी आहे.

ससून, येरवडा, आळंदी

रमाबाई केवळ बैठकांच्या अध्यक्ष नव्हत्या. आठवड्यातून ठरावीक वेळी त्या येरवड्याच्या तुरुंगात स्त्री कैद्यांना भेटायला जात, तसेच रुग्णालयात रुग्णांकडेही जात. फळे, फुले, पुस्तके नेत. रुग्णाला एक फूल मिळाले तर रोग बरा होत नाही. पण शहरातील सर्वांत प्रतिष्ठित बाई वॉर्डात येते, खाटेशी बसते, तिथे काम करणाऱ्या मुलींना नावाने ओळखते, हे सगळे रुग्णालय पाहत असते. परिचारिकेचे काम हलके नाही, हे भाषणाने जितके पटले नसते तितके या फेऱ्यांनी पटले.

१९१२-१३ मध्ये गुजरात-काठेवाडात दुष्काळ पडला, तेव्हा त्या मदतकार्यासाठी तिकडे गेल्या. आणि पिंपरी-चिंचवड, चाकणच्या वाचकांना जवळची वाटावी अशी गोष्ट म्हणजे आळंदी. आषाढी-कार्तिकीच्या यात्रांना सेवासदनाच्या स्वयंसेविकांना घेऊन त्या आळंदीला जात आणि आजारी, थकलेल्या बायकांची सेवा करत. यात्रा म्हणजे गर्दी, उघड्यावरचे पाणी आणि पटकी, म्हणजे कॉलरा, हे समीकरण तेव्हा सर्वांना माहीत होते. पटकीत शरीरातले पाणी आणि क्षार काही तासांत निघून जातात. अशा रुग्णाजवळ बसून त्याला घोट घोट पाणी पाजणारे, लघवी झाली का हे पाहणारे, डोळे खोल गेले का हे ओळखणारे माणूस लागते. स्वयंसेवक म्हणून बायकांनी यात्रेत असे उघड काम करणे ही त्या काळी नवी गोष्ट होती. आज इंद्रायणीकाठी वारीत आरोग्य पथके आणि परिचारिका दिसतात, तेव्हा त्यांच्या आधी कोण येऊन गेले हे आठवायला हरकत नाही.

आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी चळवळ केली. १९२४ मध्ये त्या गेल्या. १९६२ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने टपाल तिकीट काढले.

त्यांच्या कामाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. सेवासदनाचा ओढा बराच काळ वरच्या जातींतील बायकांकडे होता. ज्या सुइणी आणि आया पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करत होत्या, त्यांना मान मिळाला नव्हता. उच्चवर्णीय विधवा ते करू लागल्यावर काम प्रतिष्ठित झाले, ही आपल्या समाजाची गोष्ट आहे आणि ती सुखाची नाही. शिवाय परिचारिकेने सोशिक, त्यागी असावे ही अपेक्षा या प्रतिष्ठेच्या पाठोपाठ आली आणि अजून गेलेली नाही. त्याग मान्य करून हक्क विसरणे सोपे जाते. आणि संख्येने हे काम समुद्रात थेंबाएवढेच होते. १९४६ च्या भोर समितीने देशाची पाहणी केली, तेव्हा ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर होता आणि ४३,००० लोकांमागे एक परिचारिका. १९४७ मध्ये परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि शिक्षणाला देशभर एक माप मिळाले.

दबलेला शब्द

मान ही मनाची गोष्ट वाटते, पण तिचा परिणाम शरीरावर होतो. चाकणच्या पट्ट्यात नेहमी दिसणारी दुखापत घेऊ. प्रेस मशीनमध्ये किंवा फोर्कलिफ्टखाली पाय चेंगरलेला कामगार रात्री दाखल होतो. हाड जागेवर बसवून प्लास्टर होते, डॉक्टर दुसऱ्या रुग्णाकडे जातात. दोन तासांनी वेदना कमी होण्याऐवजी वाढू लागतात. इंजेक्शन देऊनही उतरत नाहीत. पोटरी दगडासारखी घट्ट लागते आणि पायाची बोटे हलवली की रुग्ण ओरडतो. स्नायूंभोवतीच्या ताठ पडद्याच्या आत सूज वाढून रक्तपुरवठा तुटत चालल्याची ही खूण आहे. अशा वेळी प्लास्टर तत्काळ कापावे लागते आणि गरज पडली तर तो पडदा शस्त्रक्रियेने उघडावा लागतो. साधारण सहा तास उलटले की स्नायू कायमचे मरू लागतात. पायाची नाडी लागणे बंद होते ते फार उशिरा, म्हणून नाडी लागते आहे या समाधानावर थांबता येत नाही.

या सहा तासांत रुग्णाजवळ असते ती परिचारिका. आधी रात्री उठवल्याबद्दल बोलणी खाल्ली असतील, तर ती आणखी तासभर वाट पाहते. किंवा फोन करून रुग्ण फार ओरडतोय एवढेच सांगते, आणि पलीकडून वेदनाशामकाचा आणखी एक डोस सांगितला जातो. चूक कोणाची हा प्रश्न नंतरचा. पाय मात्र रुग्णाचा जातो.

लिओनार्ड स्टाइन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने १९६७ मध्ये या वागण्याचे वर्णन एक खेळ म्हणून केले. परिचारिकेने सल्ला द्यायचा, पण तो सल्ला आहे असे दिसू द्यायचे नाही. डॉक्टरने तो घ्यायचा, पण घेतला असे दाखवायचे नाही. दोघांची प्रतिष्ठा सांभाळली जाते आणि मधल्या मध्ये वेळ जातो.

या खेळावर साधे उपाय निघाले आहेत. अमेरिकेच्या पाणबुड्यांवरील निरोपाच्या पद्धतीवरून रुग्णालयांनी चार पायऱ्यांची रीत घेतली. आत्ता काय घडते आहे, आधी काय झाले, मला काय वाटते आणि मला काय हवे आहे. वरच्या उदाहरणात परिचारिका सांगेल की अमुक खाटेवरच्या रुग्णाची वेदना इंजेक्शननंतरही वाढते आहे, चार तासांपूर्वी पायाला प्लास्टर झाले आहे, आतला दाब वाढला असावा असे वाटते, आणि तुम्ही लगेच येऊन पाहावे. तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण तिथे परिचारिकेला स्वतःचा अंदाज सांगण्याची परवानगी नव्हे, जबाबदारी मिळते. फोनवर सांगितलेले औषध आणि मात्रा परिचारिकेने पुन्हा म्हणून दाखवायची आणि डॉक्टरने होकार द्यायचा, ही दुसरी रीत. शस्त्रक्रियेआधी सगळ्यांनी आपले नाव आणि काम सांगायचे, ही जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या तपासणी यादीतली तिसरी. दिल्लीसह आठ शहरांत ती यादी वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. यादीत इतरही बाबी होत्या, त्यामुळे सगळे श्रेय नावे सांगण्याला देता येणार नाही. पण ज्याचे नाव माहीत आहे त्याला हाक मारून थांबवणे सोपे जाते, हे उघड आहे.

आपल्याकडे यात आणखी काही गाठी आहेत. या औद्योगिक पट्ट्यात परिचारिका मराठवाड्यातून, विदर्भातून, केरळातून आलेल्या असतात. डॉक्टर दुसऱ्या प्रांतातला आणि रुग्ण बिहारचा किंवा ओडिशाचा असू शकतो. भाषा तीन आणि घाई सगळ्यांनाच. नवशिका निवासी डॉक्टर वीस वर्षे वॉर्ड चालवणाऱ्या परिसेविकेला हुकूम सोडतो, तेव्हा पदवी आणि अनुभव यांची टक्कर होते. अनुभवी परिचारिका नव्या डॉक्टरला मुद्दाम तिष्ठत ठेवते, असेही घडते. आदर दोन्ही बाजूंनी लागतो. चूक दाखवायची तर बाजूला घेऊन दाखवावी, आणि जीव वाचवणारे निरीक्षण कोणाचे होते हे राउंडमध्ये सर्वांदेखत सांगावे. राउंडला परिचारिकेला फक्त केसपेपर धरायला उभे न करता, रात्र कशी गेली हे आधी तिलाच विचारावे. नातेवाइकांनीही डॉक्टर येताच हात जोडायचे आणि सिस्टरवर आवाज चढवायचा, हे सोडायला हवे. त्यांच्या रुग्णाचा श्वास मिनिटाला किती वेळा चालतो आहे, हे रात्री तीन वाजता तीच मोजत असते.

रमाबाईंनी परिचारिकेला राहायला जागा दिली, हातात लेखणी दिली आणि आपल्या नावाचा आधार दिला. यातली जागा आणि लेखणी मिळवून देणे शासनाचे आणि व्यवस्थापनाचे काम आहे. त्यासाठी पदे भरावी लागतात, पैसा लागतो. नावाचा आधार देणे मात्र वॉर्डातल्या प्रत्येक वरिष्ठ डॉक्टरच्या हातात आहे. रात्री आलेल्या फोनला, तो अनाठायी ठरला तरी, बरे झाले कळवलेत असे म्हणण्याला काही खर्च येत नाही. पुढच्या वेळी तो फोन वेळेवर येतो.